दूर्वा, हरळी आणि आमची मैदाने

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा निपाणीच्या बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते. केळीचे खुंट, कमळे, पत्री आणि त्यांच्या शेजारी ओल्या फडक्याखाली झाकलेल्या दूर्वांच्या जुड्या. आपण 'दूर्वा' म्हणून मागतो, शेजारी उभे असलेले कन्नड बंधू 'गरिके' म्हणून मागतात आणि विकणारी मावशी दोघांनाही एकाच टोपलीतून काढून देते. याच गवताला चिकोडी-निपाणीकडचा शेतकरी 'हरळी' म्हणतो आणि नांगराच्या फाळाला गुंडाळून आली की रागाने बांधावर भिरकावून देतो. आणि हेच गवत, किंवा त्याचे अगदी सख्खे भावंड, क्रिकेटच्या मैदानावर 'बर्म्युडा' या परदेशी नावाने पैसे मोजून विकत आणून लावतात.

आम्ही शेतकीचा डिप्लोमा केला तेव्हा या गवताची आमची दोनदा गाठ पडली. तणांच्या धड्यात त्रासदायक तणांच्या यादीत ते अगदी वर होते. बागकामाच्या धड्यात हिरवळीसाठी उत्तम गवत म्हणून पुन्हा तेच. पुढे सरकारी नोकरीत गावोगाव हिंडताना या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याचे दिसत गेले. एकाच गवताला देव्हाऱ्यात मान, शेतात शिव्या आणि मैदानात किंमत कशी मिळाली, त्याची ही हकिकत आपल्या भागापुरती सांगावी असे या स्मरणिकेच्या निमित्ताने वाटले.

शंभर पेरांची

दूर्वा हे नाव ऋग्वेदाइतके जुने आहे. यज्ञात अग्निचयनाची वेदी रचताना विटांच्या जोडीने दूर्वाही ठेवीत, तिला दूर्वेष्टका म्हणत. त्या वेळच्या मंत्रात दूर्वेचे वर्णन पेरापेरातून, कांडाकांडातून उगवणारी असे केलेले आहे. आज वनस्पतिशास्त्र जे सांगते ते याहून वेगळे नाही. दूर्वेची काही खोडे जमिनीवर सरपटतात, काही जमिनीखालून धावतात आणि प्रत्येक पेराला खाली मूळ व वर कोंब फुटतो. अमरकोशाने तिला शतपर्विका, सहस्रवीर्या, रुहा, अनंता अशी नावे दिली. शतपर्विका म्हणजे शंभर पेरांची, अनंता म्हणजे जिला शेवट नाही ती. ही नावे देणाऱ्यांनी हे गवत बसून, निरखून पाहिलेले होते.

गणपतीला दूर्वा का प्रिय, याची अनलासुराची कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. असुराला गिळल्याने झालेला दाह ऋषींनी दूर्वा मस्तकी ठेवताच शमला. नाकातून रक्त आले की दूर्वांचा रस पिळण्याचा घरगुती उपायही आपल्या आज्या करीत. दूर्वा म्हणजे गारवा, ही समजूत कथेत आणि घरात दोन्हीकडे होती.

युरोपात लिनिअसने १७५३ मध्ये या गवताची शास्त्रीय नोंद केली. आजचे सायनोडॉन डॅक्टिलॉन हे नाव पर्सून या शास्त्रज्ञाने १८०५ मध्ये रूढ केले. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात, कारण जमिनीखालच्या खोडावरचे टोकदार कोंब तसे दिसतात. डॅक्टिलॉनमध्ये बोट हा शब्द आहे, कारण तुऱ्याला बोटांसारख्या काड्या असतात. त्यांनी दात आणि बोटे पाहिली, आपल्याकडे पेरे मोजली, इतकाच फरक.

शेतकऱ्याची वैरीण

देव्हाऱ्यातून शिवारात आलो की भाषा बदलते. बेळगाव शहराच्या पश्चिमेला तांबडी माती आणि पाऊस भरपूर. जसजसे आपण निपाणीकडे, वेदगंगेच्या काठाला जातो तसतशी जमीन काळी आणि खोल होत जाते. या काळ्या रानात हरळी आणि कुंदा ही शेतकऱ्याची दोन जुनी दुखणी. वरून उपटले तर हाती पाने येतात. खालचे खोड तसेच राहते आणि पहिल्या पावसाला पुन्हा हिरवे होते. चिवट माणसाला आपण हरळीची मुळी म्हणतो ते उगीच नाही.

निपाणीच्या तंबाखूच्या रानात तर हरळी अजिबात चालत नसे. कोळप्यावर कोळपे देऊन रान आरशासारखे ठेवावे लागे. ज्या शिवारात हरळी माजली तिथे उन्हाळ्यात कुदळ आणि पहार घेऊन ढेकळे उपसायची, खोडे वेचायची आणि उन्हात वाळवून पेटवायची, हाच उपाय होता. तो फार कष्टाचा आणि खर्चाचा. हलका लाकडी नांगर वरची माती खरवडी, खोलवर पोचत नसे.

इथे आपल्या बेळगावच्या एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्याने सुरुवातीला तो कोणी घेईना. हळूहळू शेतकऱ्याला दिसले की जड लोखंडी फाळ खालची माती वर काढतो, आणि वैशाखाच्या उन्हात उघडी पडलेली हरळीची खोडे वाळून मरतात. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, ही पुढची कथा सर्वांना माहीत आहे. शहापूर-टिळकवाडीच्या आसपास ज्या उद्योगाची सुरुवात झाली, त्याच्या पहिल्या यशात हरळीशी चाललेल्या लढाईचाही वाटा होता, हे मात्र कमी आठवले जाते.

या लढाईत एक गंमत आहे. ओल्या जमिनीत नांगर किंवा ट्रॅक्टर घातला की हरळीचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला पेर असले की त्याचे वेगळे झाड होते. कोरड्या उन्हात जे अवजार तिला मारते तेच पावसात तिला पेरते. हा गुण लक्षात ठेवा, पुढे मैदान तयार करताना तोच कामाला येणार आहे.

तांबडी माती आणि हिरवे मैदान

आपल्या भागात खेळ म्हटला की पूर्वी डोळ्यांपुढे तालीम येई. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीचा हौदा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधले तेही कुस्तीचेच. तिथे गवताचे काम नव्हते. गवत होते ते माळावर, कुरणात आणि गायरानात, आणि ते जनावरांसाठी होते. गवत एकसारखे कापून त्यावर माणसांनी खेळायचे, ही कल्पना इथे छावणीबरोबर आली.

एप्रिल १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला. त्यानंतर किल्ल्याच्या बाजूला कॅम्प वसला. कवायतीचे मैदान आले, क्रिकेट, हॉकी, फुटबॉल आले, घोड्यांच्या शर्यती आल्या. गोऱ्या साहेबांच्या देशातले गवत थंडीतले. पंधरा ते चोवीस अंश तापमानात ते खूष असते आणि आपल्या चैत्र-वैशाखात करपते. हिंदुस्थानात हिरवळ धरायची तर इथल्याच उन्हाळी गवताला शरण जाणे भाग होते आणि ते गवत म्हणजे हरळी. पुढे माळ्यांच्या हाताने ती कापली गेली, रोलरखाली दाबली गेली आणि तिला 'लॉन' असे नाव मिळाले.

१९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे. सैन्यातल्या हॉकीची परंपरा आणि गावातल्या पोरांची हौस यांचा इथे चांगला मेळ बसला. मराठा लाइट इन्फंट्रीत बँडवाला म्हणून भरती झालेले शंकर लक्ष्मण पुढे भारताचे गोलरक्षक झाले. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये ते खेळले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताने पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्णपदक घेतले, त्या संघात आपले बेळगावचे बंडू पाटीलही होते. तो सामना गवतावर झाला. त्या काळचे आपले सारे हॉकीपटू गवतावरच घडलेले होते. गवतावर चेंडू थोडा अडतो, थोडा वळतो, तो काठीला चिकटवून खेळवावा लागतो. भारतीय हॉकीची नजाकत म्हणतात ती या गवताने शिकवलेली होती.

आपल्या मोकळ्या जागांनी खेळाखेरीज आणखीही बरेच पाहिले आहे. १९०५ मध्ये लोकमान्यांच्या प्रेरणेने बेळगावच्या झेंडा चौकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना याच शहरात झाली. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालचे एकमेव काँग्रेस अधिवेशन टिळकवाडीच्या मोकळ्या माळावर भरले, गंगाधरराव देशपांडे यांनी ते उभे केले. हजारो लोक बसू शकतील अशी जागा शहरालगत होती म्हणून हे शक्य झाले.

दूर्वा परदेशी जाऊन परत येते

आता थोडे सीमोल्लंघन करू. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचे गाव आहे. तिथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने १९३६ पासून या गवतावर काम केले. १९४३ मध्ये त्यांनी गुरांच्या चाऱ्यासाठी एक सुधारित वाण दिला. पुढे आपल्या हरळीचा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तिच्या एका बारीक पानांच्या बहिणीचा संकर करून त्यांनी हिरवळीचे वाण काढले. १९५६ चे टिफग्रीन आणि १९६० चे टिफवे हे त्यातले प्रसिद्ध. या संकरित गवताला बी धरत नाही. ते पेराचे तुकडे लावूनच वाढवावे लागते. वेदातली पेरापेरातून उगवणारी दूर्वा टिफ्टनमध्येही पेरापेरातूनच वाढत होती.

१९६५ मध्ये ह्यूस्टन शहरात छप्पर असलेले पहिले प्रचंड क्रीडागार उभे राहिले. आत टिफवे गवत लावले आणि ऊन यावे म्हणून छताला पारदर्शक तक्ते बसवले. पण त्या चकाकीत खेळाडूंना वर उडालेला चेंडू दिसेना. मग तक्ते रंगवून टाकले. चेंडू दिसू लागला आणि सावलीत गवत मेले. १९६६ मध्ये तिथे प्लॅस्टिकचे गवत अंथरले गेले आणि त्या क्रीडागाराच्या नावावरूनच त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' म्हणू लागले.

या सावलीची झळ दहा वर्षांनी आपल्याला लागली. १९७५ मध्ये भारताने क्वालालंपूरला गवतावर हॉकीचा विश्वचषक जिंकला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक आणणारा आपला संघ सातवा आला. सगळा दोष मैदानाला देणे बरोबर नाही. पण महागडे कृत्रिम मैदान ज्यांच्याजवळ नाही अशा बेळगावसारख्या गावांतल्या मुलांसाठी वरची पायरी एकदम उंच झाली, हे खरे.

क्रिकेटने मात्र गवत सोडले नाही. बेळगावात ऑटोनगरला कर्नाटक क्रिकेट संघटनेचे मैदान झाले. तिथे जून २०१९ मध्ये श्रीलंका 'अ' संघाविरुद्ध आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने नाबाद १८७ धावा काढल्या, ते ज्यांनी पाहिले ते अजून सांगतात. फुटबॉलनेही एक पाऊल मागे घेतले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी कोलकात्याच्या सॉल्ट लेक क्रीडागारातले कृत्रिम गवत काढून खरे गवत लावण्यात आले.

गवताळ मैदानाची थोरवी बेळगावकरांना आणखी एका कारणाने पटलेली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये रेसकोर्स परिसरातल्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला, शाळा बंद पडल्या, सक्रेबैलूहून हत्ती आणले गेले आणि बिबट्या काही हाती लागला नाही. भर शहरात एवढी मोकळी हिरवी जागा आपल्याजवळ आहे हे त्या दिवसांत पुष्कळांना प्रथमच कळले.

हे गवत जगते कसे

हरळी, ऊस, ज्वारी आणि मका ही एका पठडीतली पिके. तीव्र उन्हात, थोड्या पाण्यात ती जास्त अन्न तयार करतात. त्यांची ही वेगळी रीत १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांवर काम करून उलगडली. सत्तावीस ते पस्तीस अंश तापमान हरळीला मानवते. थंडी दहा अंशांच्या खाली उतरली की ती पिवळी पडून झोपते. बेळगावच्या पौष-माघात ती झोपत नाही, पण सुस्तावते. उन्हाळ्यात पाणी न मिळाल्यास वरून वाळते, तरी खालचे खोड जिवंत असते. आषाढ-श्रावणात आपल्याकडे पाणी असते पण आभाळ झाकलेले असते. भाद्रपदात ओल आणि ऊन एकत्र येते आणि दूर्वा तरारून उठते. गणपतीच्या नैवेद्याइतकीच दूर्वाही वेळेवर तयार होते ती यामुळे.

तिला सावली मात्र सोसत नाही. दिवसाचे सहा-सात तास ऊन हवेच. म्हणून शाळेच्या मैदानावर झाडे लावताना ती कडेने लावावीत, मध्ये नव्हे.

मैदान धरण्याचा विधी सोपा आहे. उन्हाळ्यात वीतभर खोल खणून दगड-गोटे काढावेत, शेणखत मिसळावे, पाणी साचू नये म्हणून मध्यभागापासून कडेला थोडा उतार द्यावा. मृगाचा पाऊस पडला की स्वच्छ जागची हरळी आणून दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर टोकावेत आणि रूळ फिरवावा. दुसरी रीत आपल्या बायाबापड्यांना सहज जमेल अशी आहे. हरळीचे बारीक तुकडे, माती आणि ताजे शेण पाण्यात कालवून तो काला ओल्या जमिनीवर सारवल्यासारखा पसरायचा. दोन-तीन महिन्यांत जमीन झाकते. पुढे कापताना एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग काढू नये. माती दबून दगडासारखी झाली की पहारीने भोके पाडून वाळू भरावी. आणि वर्षातून दीड-दोन महिने तरी पावसाळ्यात मैदानाला विश्रांती द्यावी. हरळी सगळे सोसते, पण रोज तुडवली तर तीही हरते.

'टर्फ' म्हणजे काय?

आज आमच्या घरातली मुले 'टर्फवर जातो' म्हणतात तेव्हा त्यांना प्लॅस्टिकचे गवत अभिप्रेत असते. जाळी लावलेले, दिव्यांच्या उजेडातले, तासाच्या भाड्याचे. मूळ शब्दाचा अर्थ मुळांसकट गवताचा थर. त्या शब्दातून गवत गेले आणि नुसते भाडे उरले. मुले खेळतात याचा आनंदच आहे. पण दुपारच्या उन्हात त्या प्लॅस्टिकवर तळहात टेकवून पाहा आणि मग शेजारच्या हिरवळीवर टेकवा. अनलासुराची कथा तिथे समजते. आणि ज्याच्या खिशात तासाचे भाडे नाही त्या पोराने कुठे खेळायचे, हा प्रश्न उरतोच.

आमच्या पिढीने बेळगावात लेले मैदानावर, युनियन जिमखान्यावर, सरदार्स हायस्कूलच्या आवारात खेळ पाहिले आणि खेळले. वडगाव, शहापूर, निपाणी, खानापूर, जिथे जिथे आपले लोक आहेत तिथे वेशीजवळ एखादा माळ होता. त्यातले किती माळ आता माळ राहिले आहेत, याची मोजदाद प्रत्येकाने आपल्या गल्लीपुरती करावी. उरलेल्या जागांवर मेळावे, प्रदर्शने, सभा आणि वाहनतळ यांची गर्दी असते. समारंभासाठी खडी आणि मुरूम टाकला जातो, मांडवाचे खांब रोवले जातात, समारंभ उठतो आणि खड्डे तसेच राहतात. त्या मुरमाखाली हरळी जिवंत असते. तिच्यावरचे ओझे काढायला मात्र कोणी येत नाही.

दूर्वांचेही तसेच झाले आहे. बांधावर तणनाशक फवारले जाते, गटाराकडेला घाण साचते आणि चतुर्थीच्या घाईत तिथल्याच दूर्वा खुडून बाजारात येतात. देवाला वाहायची गोष्ट कुठून येते, याची चौकशी आपण फुलांबद्दल करतो तशी दूर्वांबद्दलही करायला हवी.

म्हणून या उत्सवात मंडळांना, शाळांना आणि आपल्या घराघरांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, ज्या मैदानात किंवा चौकात आपला मांडव पडेल तिथले खड्डे विसर्जनानंतर आठ दिवसांत मातीने भरावेत आणि वर हरळीचे तुकडे टोकावेत. भाद्रपद-आश्विनातली ओल आणि ऊन तिला पुरते, विकतचे काही लागत नाही. दुसरी, प्रत्येक मंडळाने आपल्या भागातल्या एका शाळेच्या मैदानाची वर्षभराची कापणी आणि पाणी आपल्या अंगावर घ्यावे. वर्गणीतला छोटा हिस्सा आणि पंधरा दिवसांतून एका रविवारी चार तरुण, एवढ्यात हे काम होते. तिसरी, ज्यांच्या अंगणात दोन हात ऊन पडते त्यांनी तिथे दूर्वांचा एक वाफा धरावा. पुढच्या वर्षी एकवीस जुड्या घरच्याच निघतील आणि शेजारच्या गरिके मागणाऱ्या घरालाही देता येतील.

शेतात जी जाता जात नाही ती हरळी शहराच्या मैदानातून मात्र आपल्या देखत चालली आहे. तिला परत आणायला तज्ज्ञ लागत नाही, मोठा निधी लागत नाही. ऊन येईल इतकी मोकळी जागा आणि थोडी विश्रांती दिली की पुढचे काम ती पेरापेराने स्वतः करते. अनंत चतुर्दशीनंतर मांडव उतरवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांच्या हाती या वर्षी दोरखंडाबरोबर एक कुदळही असावी, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!